कुत्रा माझा आहे

जनगणनेचं काम आलं की आमच्या शाळेतल्या बाकीच्या बाई कपाळाला हात लावायच्या. मला मात्र दोन हजार एकच्या त्या फेब्रुवारीत कधी एकदा पिशवी खांद्याला अडकवून बाहेर पडते असं झालं होतं. नोकरी अजून नवी होती, लग्न व्हायचं होतं, आणि रत्नागिरीत जन्म काढूनही ज्या घरांचे मी फक्त गडगे आणि फाटकं पाहिली होती, त्या घरांत आता मला हक्काने शिरायला मिळणार होतं. कोण किती शिकलं, कोण कुठे कामाला आहे, मुंबईला गेलेला मुलगा इथला धरायचा की तिथला, असे प्रश्न विचारत मी गल्ल्यांतून फिरत होते. लोक बसायला देत, चहा देत, आणि फॉर्ममध्ये नसलेलंही भरपूर सांगत. मला ते इतकं आवडायचं की जेवायला घरी जायचंही राहून जाई.

अशाच एका सकाळी मी गल्लीच्या टोकाच्या चिरेबंदी घरापाशी आले. पुढे दोन-चार हापूसची कलमं, मोहराचा वास, लोखंडी फाटक. फाटकावर कसलीही पाटी नव्हती. दोनदा हाक मारली, ओ आली नाही, म्हणून कडी काढली. कडी फाटकावर खणकन आपटली, आणि पाण्याच्या टाकीमागून एक मोठा अल्सेशियन न भुंकता आला आणि त्याने माझी पोटरी धरली.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की एक उंच, काटकुळे गृहस्थ बनियन-पायजम्यावर घरातून धावत आले, त्यांनी कुत्र्याचा पट्टा धरून त्याला मागे खेचलं, पडवीच्या खांबाला बांधलं, आणि माझ्याकडे वळून पहिलं वाक्य बोलले, "कुत्रा माझा आहे."

त्या क्षणी मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. कुत्रा कोणाचा हे मी विचारलंच नव्हतं.

त्यांनी मला नळाखाली पायरीवर बसवलं, कपडे धुवायचा साबण आणला आणि म्हणाले, "चोळू नका. नुसता फेस लावून पाणी सोडत राहा. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही." रक्त वाहून जात होतं आणि ते शेजारी उभे राहून नळ कमी-जास्त करत होते. मग शर्ट चढवून त्यांनी रिक्षा आणली आणि मला डॉक्टरांकडे नेलं. तिथेही डॉक्टरांनी "कसा चावला" असं मला विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, "कुत्रा माझा. फाटकावर पाटी नव्हती, कुत्रा मोकळा होता. बाई सरकारी कामाला आल्या होत्या. खर्च मी करणार."

डॉक्टरांनी जखम बांधली. आमच्या लहानपणी कुत्रा चावला म्हणजे बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, हे ऐकून मी वाढलेली. डॉक्टर हसले. "ती जुनी झाली. आता दंडात पाच, तीही दिवस सोडून सोडून. पण खरं सांगणार कुत्रा. दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. तो धडधाकट राहिला, तर तुम्हाला काही धोका नाही. तो आजारी पडला, मेला किंवा नाहीसा झाला, तर लगेच मला कळवा."

घरी गेल्यावर आईने रडून घेतलं आणि मग शेजारच्या काकूंनी सुचवलेला जखमेवर चुना लावायचा उपाय हाणून पाडला, ते एक बरं झालं. "कोणाचा कुत्रा गो?" तिने विचारलं. मी सांगितलं, तर वडील म्हणाले, "ते होय? कोर्टात बेलिफ होते. अर्ध्या जिल्ह्याला त्यांनी समन्स दिलेत. लोक त्यांना बघून मागच्या दाराने पळायचे."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी लंगडत तिथे गेले. कुत्रा बघायचा होता ना. फाटकाला आता कुलूप होतं आणि पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेलं, 'आत कुत्रा आहे. चावतो.' त्यांनी मला पडवीत खुर्ची दिली, आणि मी त्यांना काका म्हणू लागले. कुत्रा साखळीला होता. मला बघून तो उठला नाही, नुसता कान पाडून माझ्या पायाकडे बघत राहिला.

"जेवला का?" मी विचारलं.

"आता बोलावतो." काकांनी ताटली ठेवली, साखळी लांब सोडली आणि पडवीच्या कडेला उभे राहून खणखणीत आवाजात पुकारा केला, "साहेब हाजिर हो... साहेब हाजिर हो... साहेब हाजिर हो." तिसऱ्या हाकेला कुत्रा रुबाबात आला आणि जेवायला लागला. बेलिफ व्हायच्या आधी काका कोर्टात पट्टेवाले होते, पक्षकारांची नावं पुकारायचे. निवृत्तीनंतर पुकारायला कोणी उरलं नाही, म्हणून कुत्र्याला साहेब केलं. मला हसू आवरेना. ज्याने मला फोडलं त्याच्यासमोर बसून मी हसत होते.

मग त्यांनी मला अशी गोष्ट सांगितली, की मी जागची उठलेच नाही. समन्स घेऊन गावोगाव फिरताना त्यांना अनेकदा कुत्रे चावले होते. "दर वेळी एकच उत्तर, बाई. कुत्रा आमचा नाय. दारात बांधलेला, गळ्यात पट्टा, समोर भाकरी, तरी आमचा नाय. एकदा तर मी रक्त पुसतोय आणि त्या घरची बाई कुत्र्याला हाड हाड करून हाकलतेय, जणू पहिल्यांदाच बघतेय. तेव्हाच ठरवलं, आपण कुत्रा पाळला आणि तो कोणाला चावला, तर पहिलं वाक्य हेच बोलायचं."

"पण काका, झालं ते झालं."

"नाही झालं. तुम्ही पोलिसात तक्रार द्यायची. जनावर सांभाळण्यात हयगय, हा गुन्हा आहे. लिहा, मी सांगतो."

मी नको नको म्हणत होते आणि ते कागद पुढे करत होते. शेवटी मी लिहायला बसले. 'कुत्रा अंगावर धावून आला' असं मी लिहिलं, तर त्यांनी ते खोडायला लावलं. "चावला लिहा. सौम्य करू नका. उद्या माझाच वकील त्याचा फायदा घेईल."

"तुम्ही वकील देणार आहात?"

"नाही. पण पद्धत ती पद्धत."

मी रोज जाऊ लागले. डॉक्टरांसाठी जायचं होतं हे खरं, पण मला त्या पडवीची ओढ लागली होती. साहेबाचं एक हळूहळू लक्षात आलं. तो माणसांना भीत नव्हता, तो लोखंडाच्या आवाजाला भीत होता. बादलीची कडी वाजली की अंग चोरायचा, मागून कोणी आलं की दात विचकायचा. मी काकांना विचारलं, तर त्यांचा चेहरा उतरला.

"हा लहानपणापासून असाच. मी निवृत्त झालो तेव्हा मुलाने आणला, राखणीला आणि सोबतीला. सावर्ड्याजवळ एक जण पिल्लं काढून विकतो, त्याच्याकडून. आला तेव्हा डोळे जेमतेम उघडलेले. कापसाच्या वातीने दूध पाजलं मी त्याला. पिल्लू आईजवळ, भावंडांत वाढलं की चावायचं किती हे शिकतं, असं मागाहून गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. याला ते शिकवायला कोणी नव्हतंच."

आठवडा संपत आला तेव्हा एका दुपारी मी गेले, तर साखळी रिकामी होती. पडवीत काका आणि त्यांचा मुलगा समोरासमोर उभे. मुलगा मुंबईला कंपनीत होता. तक्रारीचं ऐकून तो आदल्या दिवशी आला होता, आणि सकाळी काका मासे आणायला बाजारात गेले असताना जीप करून साहेबाला सावर्ड्याला परत देऊन आला होता.

"मॅडम, तुम्ही रागावू नका," तो मला म्हणाला. "तुमचा सगळा खर्च मी देतो. पण बाबांनी या वयात कोर्टात आरोपी म्हणून उभं राहायचं? आता कुत्राच नाही, तर केस कसली?"

"आणि तो जगतोय की मरतोय हे बाईंना कोण सांगणार?" काका म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "अजून त्याचे दहा दिवस भरायचेत. तो पिसाळला, तर तुला तिकडे कळणार आहे का?"

ही बाजू मुलाच्या ध्यानातच आली नव्हती. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, अंगात एक वीज खेळल्यासारखं झालं. मी म्हणाले, "काका, आपण आणूया त्याला."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चिपळूणकडे जाणाऱ्या सकाळच्या एसटीत आम्ही दोघं बसलो. मुलगा येतो म्हणत होता, पण काकांनी त्याला घरी ठेवलं, कुत्रा आपण होऊन परत आला तर घरात कोणीतरी हवं म्हणून. काकांच्या हातात पंचा, पिशवीत साखळी आणि ग्लुकोजची बिस्किटं. मी आईला जनगणनेचं राहिलेलं काम आहे असं सांगून निघाले होते. खिडकीतून हायवेची वळणं पळत होती, शेजारी काका ताठ बसले होते, आणि मला वाटत होतं की आयुष्यात पहिल्यांदा मी खरंच कुठेतरी चालले आहे.

सावर्ड्याच्या अलीकडे उतरून आत चालत गेलो. पूर्वीची पोल्ट्री होती ती, लांबलचक पत्र्याची शेड. पुढे एक स्वच्छ खोली, भिंतीवर परदेशी कुत्र्यांची रंगीत चित्रं. मालक तिशीचा, बोलायला गोड. आम्हाला गिऱ्हाईक समजून त्याने टोपलीच आणली. आत मऊ दुपट्यावर पांढरी पामेरियन पिल्लं, इतकी लहान की त्यांना धड उभंही राहता येत नव्हतं.

"एवढी लहान?" मी म्हणाले.

"लहान नेलं तर सवय लागते, मॅडम. मोठं झालं की कोणी विचारत नाही."

"यांची आई बघू?"

"ती मागे असते. तिथे वास येतो, तुम्हाला नको."

तेव्हा काकांनी येण्याचं कारण सांगितलं. त्याचं हसू मावळलं. आधी म्हणाला, असा कुत्रा आलाच नाही. मग म्हणाला, आला होता, पण लगेच पुढे दिला. काकांनी वाद घातला नाही. ते खोलीतून बाहेर आले, शेडच्या तोंडाशी उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि कोर्टाच्या व्हरांड्यात देत असतील तसा आवाज दिला, "साहेब हाजिर हो."

आतले सगळेच कुत्रे भुंकायला लागले. मला वाटलं, या गोंगाटात आता काही कळायचं नाही. काका थांबले. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं आणि शेडच्या पार टोकाकडून पत्र्यावर अंग आपटल्याचा आवाज आला, आपटतच राहिला. मी मालकाकडे बघितलंच नाही. सरळ आत पळाले, पोटरी ठणकत होती तरी.

आत जे पाहिलं ते सांगायलाच हवं. कोंबड्यांचेच पिंजरे होते, एकावर एक. खाली फरशी नाही, जाळी. घाण खाली पडावी म्हणून. कुत्र्या त्या जाळीवर बसलेल्या, उठता-बसता लोखंड वाजत होतं. नखं वाढून वळलेली, थानं लोंबलेली, एकीचे डोळे चिकटून गेलेले. काहींच्या पोटाशी पिल्लं होती आणि त्या त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. साहेब टोकाच्या पिंजऱ्यात मागच्या पायांवर उभा होता. काकांना बघताच तो खाली बसला आणि थरथरायला लागला.

मालक मागून आला. "नर चांगला आहे म्हणून ठेवून घेतला. तुमच्याच पोराने आणून दिलाय. आणि विकला तिथे माझी जबाबदारी संपली होती, तो कोणाला चावला त्याच्याशी मला काय?"

"चावला त्याची जबाबदारी माझी," काका म्हणाले. "ती मी घेतलीय. पण डोळे जेमतेम उघडले तोच आईपासून ओढून विकलात, ती तुमची. आता ऐका. या कुत्र्यावर डॉक्टरांनी नजर ठेवायला सांगितलंय. तो मध्येच गडप झाला आणि या बाईंना काही झालं, तर साक्षीला मी उभा राहीन. समन्स घेऊन कोण येतो ते मला चांगलं माहीत आहे."

मालकाने पिंजरा उघडला. काकांनी साहेबाच्या तोंडाला पंचा बांधला, साखळी लावली. मी शेजारच्या पिंजऱ्याकडे बघत होते. तिथे एक अल्सेशियन कुत्री होती, तशीच काळी पाठ, तसेच कान, फक्त सगळं झिजलेलं.

"हीच त्याची आई," मालक वैतागून म्हणाला. "आता पिल्लं धरत नाही. न्यायची तर न्या, जागा तरी मोकळी होईल."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पिंजऱ्याची कडी काढलीसुद्धा होती.

दोन कुत्री घेऊन एसटीत कोण घेणार? हायवेवर उभं राहून हात करत होतो. शेवटी चिपळूणला मासळी टाकून रत्नागिरीला रिकामा परतणारा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "मागे बसा, पण चावला तर मी जबाबदार नाय." "जबाबदार मी," काका लगेच म्हणाले आणि मला इतकं हसू आलं की चढताच येईना. ओल्या क्रेटांत, बर्फाच्या पाण्यात, बांगड्यांच्या वासात आम्ही चौघं बसलो. ज्या कुत्र्याने मला फोडलं होतं त्याचं डोकं माझ्या चपलेवर होतं. वारा तोंडावर येत होता. मी मोठ्याने काहीतरी गात होते, काका ऐकू येत नसल्याचं दाखवत होते.

घरी उतरल्यावर कुत्री मातीवर उभी राहीना. एक पाय टेकवायची, उचलायची, दुसरा टेकवायची. जाळीशिवाय काही माहीतच नव्हतं तिला. काकांचा मुलगा पायरीवर बसून ते बघत होता. बराच वेळ बघून तो आत गेला आणि तिच्यासाठी भात घेऊन आला. साहेबाने आईला हुंगलं आणि तिच्यावर भुंकला. ओळख वगैरे काही पटली नाही. पुढे त्यांची गट्टी जमली, पण तीही भाताच्या ताटलीवर रोज थोडं भांडूनच.

दहा दिवस भरले, साहेब खणखणीत होता. डॉक्टरांनी राहिलेली इंजेक्शनं थांबवली. तक्रार मात्र काकांनी मागे घेऊ दिली नाही. ती द्यायला गेलो तेव्हाच पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघून विचारलं होतं, "आरोपीच फिर्यादीला घेऊन आलाय का?" केस उभी राहिली तेव्हा मी शाळेतून अर्धी रजा काढून कोर्टात गेले. जिथे त्यांनी उमेदीची वर्षं पुकारे दिले, तिथेच त्यांचं नाव पुकारलं गेलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते उभे राहिले.

"गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कबूल."

दंड झाला, त्यांनी तिथेच भरला. बाहेर त्यांचे जुने सोबती चहा घेऊन वाट बघत होते, आणि काकांच्या तोंडावर असा आनंद होता, जसा मी लग्नघरातही क्वचित बघितलाय. मुलगा पुढच्या खेपेला येताना मुंबईहून रंगवलेली पाटी घेऊन आला आणि फाटकाला दुहेरी जाळी बसवून गेला.

शेडचं सगळं इतकं नीट झालं नाही. आम्ही पशुसंवर्धन खात्याकडे अर्ज दिला. तेव्हा पिल्लांच्या पैदाशीला वेगळे नियम असल्याचं आम्हाला कोणी सांगितलं नाही, प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा तेवढा होता. अधिकारी जाऊन आले, काही पिंजरे उतरवले, काही महिन्यांनी शेड बंद पडली. पुढे ऐकलं की तोच माणूस दुसरीकडे कुठेतरी पिल्लं विकतो. खरं-खोटं कळलं नाही. पण मी गप्प बसणारी राहिले नव्हते. वर्गात, गल्लीत, लग्नात, जो कोणी पिल्लू घ्यायचं म्हणेल त्याला सांगायचे, आधी आई बघायला मागा.

काही वर्षांनी टीव्हीवरच्या जाहिरातीने सगळ्यांना चपट्या तोंडाच्या कुत्र्याचं वेड लावलं. आमच्या शाळेतली एक मैत्रीणही हट्टाला पेटली. तिला पत्ता मिळाला होता खेडचा. मी म्हणाले, मीही येते. रेल्वेने गेलो, जगबुडी नदीच्या पलीकडे एका बंगल्यात पोचलो. पिल्लू खरंच गोड होतं, श्वास घेताना घुरघुरत होतं. मी विचारलं, "आई कुठे आहे?" बाई म्हणाल्या, "ती गावाला असते." मैत्रीण पिल्लू छातीशी धरून माझ्याकडे विनवणीच्या नजरेने बघायला लागली. मी मान हलवली. तिने ते खाली ठेवलं आणि परतीच्या गाडीत चिपळूण येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या महिन्यात मिरकरवाड्याच्या बंदरावर जाळ्यांच्या ढिगात एका गावठी कुत्रीला पिल्लं झाली. मैत्रिणीने एक तपकिरी हेरून ठेवलं आणि ते मोठं होईपर्यंत आम्ही दर रविवारी जाऊन बघायचो. मला ते रविवार शाळेच्या सहलीपेक्षा जास्त आवडायचे. आई समोरच असायची, अंगावर खवले चिकटलेली, आमच्यावर गुरगुरत. एक पिल्लू दुसऱ्याचा कान जोरात चावलं की ते दुसरं केकाटायचं, आई उठून चावणाऱ्याला पंजाने लोळवायची, आणि मैत्रीण माझा हात घट्ट दाबून म्हणायची, "बघितलंस? शिकतंय गो ते."